उशिरा पोहोचलेल्या टपालाचं युद्ध

१८१२ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो मॉस्कोहून बर्फ तुडवत परतणारा नेपोलियन. त्याच वर्षी अटलांटिकच्या पलीकडे आणखी एक युद्ध जुंपलं होतं. नेपोलियनने रशियाची हद्द ओलांडली २४ जूनला, आणि त्याच्या सहाच दिवस आधी, १८ जूनला, अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. अमेरिकन लोक त्याला नुसतं ‘१८१२ चं युद्ध’ म्हणतात. चाललं मात्र ते १८१५ पर्यंत. म्हणजे नावापासूनच घोळ.

कोण जिंकलं, हा पुढचा घोळ. अमेरिकन म्हणतील आम्ही, कॅनडावाले म्हणतील आम्ही, आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच जणांना ‘कुठलं युद्ध?’ असा प्रश्न पडेल. लढायांची यादी पाठ करूनही हाती काही लागत नाही. आज सरोवरावर, उद्या ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, परवा लुईझियानाच्या दलदलीत. मलाही बरेच दिवस याचं सूत्र सापडत नव्हतं. मग सेनापतींचा नाद सोडून टपालाच्या मागे लागलो. कोणती बातमी कुठून निघाली, कधी पोहोचली आणि मधल्या काळात कोण काय करून बसलं, एवढंच बघत गेलो, आणि गुंता सुटायला लागला. तारायंत्र तेव्हा नव्हतं, आगबोटींनी अजून महासागर ओलांडला नव्हता. लंडनची खबर वॉशिंग्टनला पोहोचायला वाऱ्याची साथ असली तरी महिना-दीड महिना जायचा.

भांडण कशाचं होतं?

अमेरिकेच्या स्वातंत्र्यावर ब्रिटनने शिक्कामोर्तब करून जेमतेम तीस वर्षं होत होती. ब्रिटनचा जीव नेपोलियनशी लढण्यात अडकलेला. दोघांनीही एकमेकांचा व्यापार बुडवायचा चंग बांधला आणि कुणाच्याच बाजूला नसलेल्या अमेरिकेची जहाजं मधल्यामधे भरडली गेली. १८०७ मध्ये ब्रिटिश सरकारने हुकूम काढले: फ्रान्सच्या ताब्यातल्या बंदरांशी व्यापार करायचा तर आधी आमच्या बंदरात या, परवाना घ्या, जकात भरा. जो येणार नाही त्याचं जहाज जप्त.

दुसरं दुखणं माणसांचं. ब्रिटिश आरमाराला खलाशी कायम कमी पडत. चाबकाचे फटके, किडके बिस्किट आणि तुटपुंजा पगार, मग माणूस टिकणार कशाला? संधी मिळाली की खलाशी पळून जाऊन जास्त पैसे देणाऱ्या अमेरिकन व्यापारी जहाजावर चढायचे. त्यांना धरायला ब्रिटिश युद्धनौका भर समुद्रात अमेरिकन जहाज अडवायची. अधिकारी येऊन सगळ्यांना डेकवर ओळीत उभं करायचा आणि ‘हा आमचा’ म्हणून माणूस उचलून न्यायचा. भाषा एक, चेहरेपट्टी एक. कोण कुठला हे ठरवायचं कसं? नागरिकत्वाचा कागद दाखवावा तर तो खोटा ठरवायचे. शिवाय ब्रिटिश कायद्याच्या लेखी राजाची प्रजा म्हणून जन्मलेला माणूस मरेपर्यंत राजाचाच, मग त्याने अमेरिकेत नागरिकत्व घेतलं असलं तरी. असे हजारो अमेरिकन वेठीला धरले गेले. १८०७ च्या जूनमध्ये तर ‘लेपर्ड’ या ब्रिटिश जहाजाने ‘चेसापीक’ या अमेरिकन युद्धनौकेवरच तोफा डागल्या, तीन माणसं जागीच मारली आणि चार खलाशी उतरवून नेले.

तिसरं कारण जमिनीचं, आणि माझ्या मते त्याचं वजन पहिल्या दोन कारणांपेक्षा कमी नाही. पश्चिमेकडे सरकत चाललेल्या गोऱ्या वस्त्यांना अडवण्यासाठी शॉनी जमातीचा टेकुमसे हा नेता मूळनिवासी जमातींची एकजूट बांधत होता. त्याच्या बंदुका कॅनडातल्या ब्रिटिशांकडून येतात अशी अमेरिकनांची खात्री होती. मग कॅनडाच घेऊन टाकला तर? माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी तर लिहून ठेवलं की क्वेबेकच्या आसपासपर्यंतचा कॅनडा घेणं म्हणजे नुसतं चालत जाण्याचं काम आहे.

युद्धाचा ठराव प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ मतांनी पास झाला. गंमत अशी, की ज्यांची जहाजं पकडली जात होती त्या न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांच्या, व्यापाऱ्यांना युद्ध नको होतं. हेन्री क्ले यांच्यासारखे हट्टाला पेटलेले लोक होते ते दक्षिणेचे आणि पश्चिमेचे.

आता टपालाचा पहिला खेळ बघा. ११ मे १८१२ ला ब्रिटनचे पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांना संसदेच्या दालनातच एका माणसाने गोळी घालून मारलं. नवं सरकार आलं. अमेरिकन गिऱ्हाईक तुटल्यामुळे कारखानदार कधीचे ओरडत होतेच. १६ जूनला सरकारने संसदेत जाहीर केलं की ते व्यापारी हुकूम मागे घेतो. दोन दिवसांनी, यातलं काहीही ठाऊक नसलेल्या राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी युद्धाच्या ठरावावर सही केली. भांडणाचं एक मोठं कारण संपलं होतं, पण ही बातमी समुद्रावर होती. ती येईपर्यंत फौजा निघून गेल्या होत्या. माणसं पळवणं बंद झालेलं नाही, तेव्हा युद्ध चालू राहील, असं मॅडिसन यांनी ठरवलं.

ज्याला पत्र मिळालं नाही तो सेनापती

कॅनडावर पहिला वार करायला निघाला होता जनरल विल्यम हल. ओहायोच्या जंगलातून रस्ता पाडत तो डेट्रॉइटकडे सरकत होता. युद्ध पुकारल्याचं पत्र त्याला ताबडतोब मिळायला हवं होतं. युद्धमंत्र्याने ते पाठवलं साध्या टपालाने. पलीकडच्या ब्रिटिशांना मात्र फरच्या व्यापाऱ्यांच्या हरकाऱ्यांकडून खबर आधीच लागली होती.

रस्ता वाईट, सामान जड, म्हणून हलने ‘कायाहोगा’ नावाचं एक छोटं शिडाचं जहाज भाड्याने घेतलं. त्यात आजारी शिपाई, सामानसुमान आणि स्वतःची कागदपत्रांची पेटी चढवली आणि ते जलमार्गाने पुढे धाडलं. वाटेत ब्रिटिश ठाणं होतं, पण शांततेच्या काळात कोण कशाला अडवेल? २ जुलैला ब्रिटिशांनी जहाज अलगद ताब्यात घेतलं. पेटीत फौजेची हजेरीपत्रकं आणि सरकारशी झालेला पत्रव्यवहार. सेनापतीची अख्खी योजना शत्रूच्या टेबलावर! युद्ध सुरू झाल्याचं पत्र हलच्या हातात पडलं ते त्याच दिवशी.

उत्तरेला मॅकिनॅक बेटावरच्या किल्ल्याची तर आणखी वाईट गत. तिथे लेफ्टनंट पोर्टर हँक्स साठेक शिपाई घेऊन बसला होता. १७ जुलैच्या पहाटे ब्रिटिश आणि त्यांचे मूळनिवासी साथीदार बेटावर उतरले आणि किल्ल्यामागच्या टेकडीवर त्यांनी तोफ चढवली. युद्ध सुरू झाल्याचं हँक्सला शत्रूकडूनच कळलं. एकही गोळी न झाडता त्याने किल्ला दिला.

हलचं धैर्य या बातमीनेच खचलं. समोर जनरल आयझॅक ब्रॉक, सोबत टेकुमसे. ब्रॉकने हलला लिहिलं की एकदा लढाई तोंडाला लागली की हे योद्धे माझ्या आवाक्यात राहणार नाहीत. किल्ल्यात हलची मुलगी आणि नातवंडं होती. १६ ऑगस्टला त्याने पांढरं निशाण लावलं आणि डेट्रॉइट, दोन हजारांहून जास्त माणसांसकट, शत्रूच्या हवाली केलं. पुढे लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला. स्वातंत्र्ययुद्धातली त्याची कामगिरी लक्षात घेऊन मॅडिसन यांनी माफी दिली. पण भित्रा म्हणून लागलेला डाग गेला नाही. मला त्याची थोडी कीव येते. पत्र वेळेवर मिळालं असतं तर तो शूर झाला असता असं नाही, पण निदान पेटी त्याच्याजवळ राहिली असती.

ऑक्टोबरमध्ये नायगारा नदीकाठी क्वीन्स्टन हाइट्सला ब्रॉक मारला गेला, तरी अमेरिकन हरलेच. आम्ही आमच्या राज्याच्या रक्षणासाठी आहोत, परदेशात जायला नाही, असं म्हणून न्यूयॉर्कचे मिलिशियावाले, म्हणजे गरजेपुरते बोलावलेले नागरिक-शिपाई, नदीच्या अलीकडे उभे राहून लढाई बघत बसले. ‘नुसतं चालत जाण्याचं काम’ होतं, ते असं झालं.

मुंबईला निघालेलं जहाज

समुद्रावर मात्र उलटं घडलं. ब्रिटनकडे पाचशेहून जास्त युद्धनौका, अमेरिकेकडे बोटांवर मोजण्याइतक्या. पण अमेरिकन फ्रिगेटी (वेगवान युद्धनौका) आकाराने मोठ्या, जास्त तोफांच्या आणि जाडजूड ओकच्या. १९ ऑगस्टला ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘ग्युरिएर’ला लोळवलं, तेव्हा गोळे तिच्या कुशीवर आपटून परत उडाले म्हणे, तेव्हापासून ते ‘लोखंडी कुशीचं’ जहाज झालं.

त्याच जहाजाची पुढची लढाई मराठी वाचकाने जरा जवळून बघावी अशी आहे. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिची गाठ ‘जावा’ या ब्रिटिश फ्रिगेटीशी पडली. ‘जावा’ निघाली होती हिंदुस्थानकडे. जहाजावर होता लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप, मुंबईच्या फौजेचा नेमलेला सेनापती. तळात होतं तांबं: मुंबईत बांधल्या जात असलेल्या एका ७४ तोफी युद्धनौकेसाठी आणि दोन ब्रिगांसाठी, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या छोट्या जहाजांसाठी. लाकूड पोखरणारे समुद्री किडे लागू नयेत म्हणून जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत, त्यासाठी.

सुरुवातीलाच ‘जावा’च्या गोळ्याने ‘कॉन्स्टिट्यूशन’चं सुकाणूचक्र उडालं. कप्तान बेनब्रिजच्या पायाला जखमा, तरी तो डेकवर उभा राहून वरून हुकूम ओरडत होता आणि खाली माणसं दोर ओढून सुकाणू फिरवत होती. काही तासांत ‘जावा’च्या डोलकाठ्या एकामागून एक कोसळल्या आणि तिचा कप्तान लँबर्ट प्राणघातक जखमी झाला. जिंकलेलं जहाज घरी नेण्याच्या लायकीचं उरलं नव्हतं. बेनब्रिजने तिचं चक्र काढून आपल्या जहाजाला बसवलं आणि ‘जावा’ पेटवून दिली.

हिस्लॉपला अटी घालून सोडून देण्यात आलं. तो त्या वेळी मुंबईला पोहोचला नाही, पण आपल्या इतिहासातून काही सुटला नाही. पाच वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ ला, महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव केला तो यानेच. आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये खानदेशात थाळनेरचा किल्ला घेऊन तिथल्या किल्लेदाराला फासावर चढवलं तेही यानेच. त्या फाशीवरून इंग्लंडच्या संसदेतही बोललं गेलं.

जळलेली राजधानी

१८१३ ची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्या वर्षी दोन्ही बाजूंनी एकमेकांची गावं जाळण्यापलीकडे फारसं काही ठरलं नाही. अमेरिकनांनी यॉर्क, म्हणजे आजचं टोरांटो, घेतलं आणि तिथलं विधिमंडळ जाळलं. सप्टेंबरमध्ये ऑलिव्हर पेरीने ईरी सरोवरावरचा ब्रिटिश ताफा जिंकला, त्यामुळे डेट्रॉइट परत मिळालं. ५ ऑक्टोबरला थेम्स नदीच्या लढाईत, ही थेम्स कॅनडातली, टेकुमसे मारला गेला. त्याच्यासोबत जमातींची एकजूटही संपली.

१८१४ च्या एप्रिलमध्ये नेपोलियनने गादी सोडली आणि ब्रिटनचे हात मोकळे झाले. युरोपात मुरलेले शिपाई अमेरिकेकडे निघाले. २४ ऑगस्टला ब्लेडन्सबर्गला अमेरिकन मिलिशियाची दाणादाण उडाली आणि त्याच संध्याकाळी ब्रिटिश वॉशिंग्टनमध्ये शिरले. राष्ट्राध्यक्षांच्या घरात जेवणाची टेबलं मांडलेली होती. डॉली मॅडिसन बाईंनी जाता जाता जॉर्ज वॉशिंग्टनचं मोठं चित्र चौकट फोडून काढायला लावलं आणि वाचवलं. जेवण मात्र तसंच राहिलं. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ते चवीने खाल्लं आणि मग घराला आग लावली. संसद भवनही जळलं. यॉर्कचा सूड, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी भयंकर वादळ आलं आणि ब्रिटिश निघून गेले.

सप्टेंबरात पाळी बाल्टिमोरची. मॅकहेन्री किल्ल्यावर सुमारे २५ तास बाँब आणि अग्निबाण बरसले. हे अग्निबाण विल्यम काँग्रीव्ह यांचे, आणि त्यांचं मूळ म्हैसूरचं: टिपूच्या फौजेच्या बाणांनी ब्रिटिशांना इतकं हैराण केलं होतं की श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर त्यांचे नमुने इंग्लंडला नेऊन त्यांवर काम झालं. किल्ला पडला नाही. सकाळी ४२ फूट लांब निशाण फडकताना पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने कविता लिहिली, ती १९३१ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रगीत झाली. अग्निबाणांचा लाल उजेड त्या गीतात आहे.

आता एक खुलासा. हे राष्ट्रगीत मुंबई गोदीत बांधलेल्या ‘मिंडेन’ जहाजावर लिहिलं गेलं, असा मजकूर आपल्याकडे अधूनमधून फिरत असतो. ऐकायला छान वाटतं, पण फ्रान्सिस स्कॉट की त्या रात्री होता तो कैदी सोडवायला आलेल्या अमेरिकन नावेवर. मुंबईचा या युद्धाशी खरा संबंध आहे, त्याला असल्या टेकूची गरज नाही.

आधी विजय आला, मग तह

वाटाघाटी बेल्जियममधल्या गेंट शहरात चालल्या होत्या. ब्रिटिशांच्या मागण्या आधी मोठ्या होत्या. मूळनिवासींसाठी वेगळा मुलूख राखून ठेवावा, हीसुद्धा त्यांत होती. मग ११ सप्टेंबरला प्लॅट्सबर्गला झालेल्या ब्रिटिशांच्या पराभवाची खबर पोहोचली आणि सूर उतरला. सरकारने वेलिंग्टनला विचारलं, तुम्ही अमेरिकेत जाता का? हा वेलिंग्टन म्हणजे असईला शिंदे-भोसल्यांना हरवणारा आपल्या ओळखीचा आर्थर वेलस्ली. त्याने सरळ कळवलं की सरोवरं ताब्यात नसताना मी जाऊन उपयोग नाही, आणि आत्ताच्या परिस्थितीत मुलूख मागायचा तुम्हाला हक्क नाही.

२४ डिसेंबर १८१४ ला तहावर सह्या झाल्या. कलमं वाचली तर हसू येतं. सगळं युद्धाआधी होतं तसं. सक्तीने माणसं पळवण्याबद्दल अवाक्षर नाही. नेपोलियन गेल्यावर ब्रिटनला त्याची गरजच उरली नव्हती.

ही बातमी समुद्रावर असताना ८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लिन्सची लढाई झाली. अँड्र्यू जॅक्सनने नियमित शिपाई, टेनेसीचे बंदूकवाले, स्वतंत्र कृष्णवर्णीय पलटणी, चोक्टॉ योद्धे आणि चक्क समुद्री चाचे अशी खिचडी फौज मातीच्या बांधाआड उभी केली. समोर वेलिंग्टनचा मेहुणा एडवर्ड पेकनहॅम. तो मारला गेला. ब्रिटिशांची सुमारे दोन हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. अमेरिकनांचं नुकसान शंभराच्या आत.

ही लढाई ‘युद्ध संपल्यावर’ झाली, असं सर्रास सांगतात. तसं नव्हतं. दोन्ही बाजूंची मंजुरी मिळाल्यावरच लढाई थांबेल असं तहातच लिहिलं होतं, आणि ती मंजुरी पूर्ण झाली १७ फेब्रुवारीला. लक्षात घ्यायचा तो बातम्यांचा क्रम. न्यू ऑर्लिन्सच्या विजयाची खबर वॉशिंग्टनला पोहोचली ४ फेब्रुवारीला. तहाचा कागद घेऊन आलेलं जहाज न्यूयॉर्कला लागलं ११ फेब्रुवारीला. लोकांनी आठवडाभर विजयाचा जल्लोष केला आणि त्यातच शांतता आली. साहजिकच वाटलं, आपण ठोकलं म्हणून ते तहाला आले! अमेरिका हे युद्ध जिंकली, ही समजूत माझ्या मते या एका आठवड्यात जन्मली. न्यू इंग्लंडचे नाराज पुढारी नेमके त्याच दिवसांत आपल्या मागण्या घेऊन वॉशिंग्टनला पोहोचले आणि त्यांचं हसं झालं. क्रम उलटा असता तर ‘अडीच वर्षांत मिळवलं काय?’ हा प्रश्न त्यांनीच विचारला असता.

खरं हरलं ते ज्यांची सही तहावर नव्हती ते. मूळनिवासींना १८११ च्या जमिनी परत द्यायच्या, असं नवव्या कलमात होतं. ते कागदावरच राहिलं. दक्षिणेत क्रीक जमातीकडून जॅक्सनने १८१४ मध्येच सुमारे २ कोटी ३० लाख एकर लिहून घेतले होते. गुलामांपैकी सुमारे चार हजार जण मात्र युद्धाच्या गडबडीत ब्रिटिश जहाजांवर पोहोचले आणि सुटले.

तह लिहिणाऱ्यांना टपालाची चाल पक्की ठाऊक होती. दुसऱ्या कलमात त्यांनी चक्क मुदती घातल्या: अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ मंजुरीनंतर १२ दिवसांनी पकडलेलं जहाज परत द्यायचं, दूरच्या समुद्रांत ३०, ४०, ६० दिवसांनी, केप ऑफ गुड होपच्याही पलीकडे विषुववृत्ताच्या दक्षिणेला ९० दिवसांनी, आणि उरलेल्या जगात १२० दिवसांनी.

एप्रिल १८१५ अखेरीस दक्षिणेच्या समुद्रात ‘हॉर्नेट’ आणि ‘पीकॉक’ या अमेरिकन जहाजांना एक मोठं गलबत दिसलं. मालाने भरलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज समजून ती जवळ गेली, तर निघाली ७४ तोफांची ‘कॉर्नवॉलिस’. ‘जावा’ जळली तेव्हा मुंबई गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली जी सागवानी युद्धनौका आकार घेत होती, ती हीच. ‘हॉर्नेट’ने नांगर, होड्या आणि एक सोडून सगळ्या तोफा समुद्रात फेकल्या, तेव्हा कुठे ती निसटली.

‘पीकॉक’ पुढे पूर्वेला गेली. ३० जून १८१५ ला, म्हणजे ९० दिवसांची मुदत मे महिन्यातच संपून गेल्यावर, सुंदाच्या सामुद्रधुनीत तिला कंपनीच्या मुंबई आरमाराची ‘नॉटिलस’ ही छोटी ब्रिग भेटली. कप्तान बॉइसने ओरडून सांगितलं की तह झालाय. ‘पीकॉक’च्या वॉरिंग्टनला वाटलं ही हुलकावणी, खरं असेल तर निशाण उतरव, म्हणाला. बॉइसने नकार दिला. तोफा सुटल्या. मेलेल्यांत लस्कर, म्हणजे आपल्याकडचे खलाशीही होते. दुसऱ्या दिवशी खात्री पटल्यावर वॉरिंग्टनने ‘नॉटिलस’ परत दिली. बॉइसचा पाय मात्र कापावा लागला.